बायको सांगलीत राहील म्हणालो

माझ्या जिभेपायी माझी बायको तीन वर्षं विलायतेत आणि मी सांगलीत, असा आमचा संसार झाला. आता चहा पिता पिता सांगतोय, पण डोकं अजून तापतं बघा.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. सांगलीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. नसीमा विलायतेत जन्मलेली, तिथंच नर्स. तिचे वडील मूळचे रहिमतपूरचे. निकाह इथं झाला, तीन आठवड्यांनी ती नोकरीवर परत गेली आणि मी व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईत वकिलातीत गेलो.

काचेपलीकडं गोरा साहेब, शेजारी दुभाषी बाई.

"लग्न कशासाठी केलंत?" बाईंनी विचारलं.

हा काय प्रश्न झाला? म्हणजे विलायत गाठायला मी निकाह लावला, असं साहेबाच्या मनात. माझं टाळकं सटकलं.

"विलायतेचं मला कौतुक न्हाई म्हणावं. माझा धंदा झकास चाललाय."

साहेबानं लिहून घेतलं.

"मग पत्नी इथं येऊन राहतील?"

"न राहायला काय झालं? तिला सांगली लय आवडली. अम्मीकडनं भाकरी शिकली. जाताना रडत होती."

रडली होती ती, पण उन्हाळ्यानं. भाकरीला तर तिनं हातही लावला नव्हता. पण बायको आपल्या शब्दाबाहेर नाही, हे दाखवायची खुमखुमी!

दीड महिन्यानं पत्र आलं. व्हिसा नामंजूर. का, तर धंदा बरा चालतो, पत्नी सांगलीत राहायला खूश आहे, तर संसार तिथंच करावा.

वकील म्हणाले, "ती येणार नाही म्हणाला असता, तर लग्नच खोटं ठरवलं असतं." काय न्याय हा? कसंही बोला, कापली जाणार मान आमचीच. अन् नर्सबाईनं दिवसरात्र त्यांचे आजारी सांभाळायचे, स्वतःचा नवरा मात्र न्यायचा नाही.

एसटीडी बूथवरून नसीमाला पत्र वाचून दाखवलं. साहेबाला मनसोक्त शिव्या घातल्या. मग वडिलांच्या रहिमतपुरी बोलीत म्हणाली, "साहेबाचं ऱ्हाऊ द्या. मी सांगलीत ऱ्हाणार, हे तुमी मला इचारलं व्हतं का?"

मी फोन ठेवला.

लग्न विलायत गाठायला केलेलं नाही हे अर्जदारानंच पटवून द्यायचं, असा त्यांचा नियम होता; तीन वर्षांनी तो नियमच रद्द झाला. पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. नवा साहेब, नव्या दुभाषी बाई.

"पत्नी तुमच्यासोबत राहायला तयार आहेत ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "तिला विचारून सांगतो."

नशीब, बाईंनी तेवढं वाक्य साहेबापर्यंत पोचवलंच नाही.