औषधाचे रिकामे कॅन

फळा पुसायला आल्या की मावशी डस्टर हवेतच धरायच्या. "थांबा सर, हे आजून वाचलं नाय." सगळं वाचून झालं की दोन फटक्यांत फळा काळा.

जव्हारच्या आमच्या कॉलेजात त्या प्रयोगशाळा परिचर, मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक. त्यांची शाळा सातवीत सुटलेली. माझी त्याआधीच सुटायला हवी होती, हे तुम्हाला पुढे पटेलच.

त्या दिवशी फळ्यावर दोन रेणू होते. एक इस्ट्रोजेन, बाईच्या शरीरातलं संप्रेरक: चार कड्या आणि टोकाच्या षटकोनी कडीवर ओएच. दुसरा नोनिलफिनॉल, फवारणीच्या काही औषधांतल्या फेसाळ द्रव्यापासून होणारा: तशीच एक षटकोनी कडी, तसाच ओएच, मागे लांब शेपूट. शरीर फसतं आणि यालाच इस्ट्रोजेन समजतं, असं मी झोकात शिकवलं होतं.

"पण मावशी, बाकीचं कुठे जुळतंय?" मी त्यांची परीक्षा घेतली.

"विळ्याला मूठ कसलीपण बसवा सर. कापतं ते पातंच."

हे वाक्य मी पुढच्या तासाला स्वतःचं म्हणून खपवलं.

आठवड्याने मुलांना आणि मावशींना घेऊन झाडं लावायला दाभोशाला गेलो. मुलांसाठी पाणी मीच नेलं, पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमधून. औषधाचा रिकामा कॅन राखेने तीनदा घासला की आमच्याकडे तो पाण्याचा होतो. मावशींनी लेबलाचा उरलेला तुकडा वाचला आणि सगळं पाणी खड्ड्यात ओतलं.

"अहो, तीनदा घासलाय!"

"प्लास्टिकात मुरतं, असं वर्गात कोण बोललं?"

"अगदी थोडं असतं. त्याने काय होतं, ते पुस्तकवालेही नक्की सांगत नाहीत."

"मंग ते आमच्या पोरींवर बघायचं का? भाताच्या आवणीत दिवसभर बांधावर हेच पाणी पितात त्या."

मुलं हसली नाहीत. हसली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर दर सुट्टीला त्या खिळा आणि दगड घेऊन पाडे फिरू लागल्या. दिसेल त्या कॅनच्या बुडाला भोक.

"ए बाय, चांगला कॅन फोडलास! पाणी कशात नेऊ?" एखादी बाई ओरडायची.

"तुझी आई कशात न्यायची?"

मावशी निवृत्त झाल्या. यंदा आवणीत मी त्यांना भेटायला त्यांच्या गावी, पोशेऱ्याला गेलो. घर बंद. शेजारची सून बांधावर कळशीतून पाणी पीत होती.

"आत्या पलीकडच्या पाड्यावर गेली. तिकडची लोकं लय भांडतात तिच्याशी."

"मग परत कधी येतील?"

"कॅन संपले का येल."