चौदा नंबरची जर्सी

हॉकी क्लबच्या स्टेडियमच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, मावशींचं शिवणयंत्र एकतीस वर्षं खडखडत होतं. जर्सीवर नाव-नंबर शिवायचा, फाटलं तर सांधायचं, हे त्यांचं काम. खेळातलं त्यांना ओ की ठो कळायचं नाही. गोल झाला की डोक्यावरचा दिवा हलतो, एवढंच ठाऊक. पण नंबरात सुताचाही फरक पडला, तर बाई स्वतःवरच चिडून तो पुन्हा उसवायच्या.

क्लबची एक रीत होती. ज्याने क्लबसाठी उमर घातली, त्याचा नंबर पुन्हा कुणालाच द्यायचा नाही. त्याची जर्सी पुरुषभर उंचीची शिवून छपराखाली टांगायची, कायमची. साठ वर्षांत तो मान फक्त पाच जणांना मिळाला होता. मावशी त्या पाच जर्सी खालून बघायच्या आणि त्यांच्या अंगावर काटा यायचा.

सहावी होती चौदा नंबरच्या कप्तानाची. आधीच्या पाचही बाहेरून शिवून आल्या होत्या; ही पहिल्यांदाच मावशींकडे आली. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार, म्हणजे असं काम पुन्हा मिळणं नाही. दहा दिवस त्यांनी हाताखाली शिवणाऱ्या लेकीलासुद्धा कापडाला बोट लावू दिलं नाही.

समारंभाच्या दुपारी व्यवस्थापकाने ती छपराखाली चढवून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, नंबर तिरका आहे हो!"

मावशींनी मान वर करून पाहिलं. चौदा खरंच उजवीकडे चढलेला होता. हात सवयीने चालला होता. कप्तानाच्या उजव्या खांद्याचं हाड एकदा मोडलं आणि तो खांदा खाली उतरूनच बसला. सरळ शिवलेला नंबर त्याच्या पाठीवर कलंडायचा, म्हणून गेली सतरा वर्षं मावशी तो बोटभर चढता शिवत आल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, त्याही कुणाला बोलल्या नव्हत्या.

"दोन तास द्या, नीट करून देते," एवढंच त्या म्हणाल्या. खाली येऊन त्यांनी कात्री घेतली, पण डोळे भरून आल्यामुळे टाकाच दिसेना.

तेवढ्यात कप्तान भेटायला आला. केस पिकलेले, अंगात कोट.

"मावशी, रडताय का?"

"तुझ्या जर्सीची वाट लावली रे मी," म्हणत त्यांनी सगळं सांगून टाकलं.

कप्तान मटकन स्टुलावर बसला.

"खांदा पडलाय हे कळलं तर मला बाहेर बसवतील, अशी धास्ती होती मला. प्रत्येक सामन्याआधी आरशात पाठ बघायचो. नंबर सरळ दिसायचा. वाटायचं, खांदा बरा झालाय. त्या भरवशावर खेळलो मी, मावशी."

त्याने त्यांच्या हातातली कात्री हळूच काढून घेतली आणि तडक व्यवस्थापकाकडे गेला. जर्सी आहे तशीच चढवा, नाहीतर मी येत नाही, असं त्याने बजावलं.

संध्याकाळी जर्सी वर चढली. खचाखच भरलेल्या स्टेडियममध्ये कुजबुज सुरू झाली, कुणी हसलंसुद्धा. पडद्याआड उभ्या मावशींना धरणी दुभंगावी असं झालं. मग कप्तानाने कोट उतरवला. आत जुनी जर्सी होती. तो लोकांकडे पाठ करून उभा राहिला, दोन्ही हात खाली सोडून. वर चौदा तिरका होता. पाठीवरचा चौदा मात्र सरळ होता, आणि त्याखालचा पडलेला खांदा आता साऱ्यांना दिसत होता.

"सतरा वर्षं हा खांदा शिवणवाल्या मावशींनी सांभाळला," तो माईकवर म्हणाला. "मलाही आजच कळलं."

सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि टाळ्यांनी छप्पर दणाणून गेलं. मावशी ओक्साबोक्शी रडल्या. टाळ्या थांबेनात, आणि त्या आपल्याच हातांकडे बघत राहिल्या.