खांबाजवळची आत्या

आमची आत्या नाटकात नेहमी चुकीच्या जागी हसायची. सगळा मांडव डोळे पुसतोय, स्टेजवर थोरला भाऊ धाकट्याच्या गळ्यात पडून घर सोडून निघालाय, आणि बायकांच्या बाजूने खुदकन हसू ऐकू यायचं. माना वळायच्या. या नणंदेशी आपला काही संबंधच नाही, अशा थाटात आई पदर ओढून घ्यायची. आत्या मात्र फुटाणे खात शांत बसलेली असायची.

आर्वीला त्या काळी नवरात्रात पाच दिवस नाटक व्हायचं. कथा एकच, रोज तिचा एक भाग. गावातल्याच एका अर्जनविसाने ती रचलेली होती. सोशिक थोरला भाऊ, त्याची गुणी बायको आणि इस्टेटीसाठी दोघांना छळणारा धाकटा. दरवर्षी तीच माणसं असायची, कथा तेवढी पुढे सरकायची, आणि गाव त्या माणसांना वर्षभर भूमिकेच्याच नावाने ओळखायचं. थोरल्याचं काम करणाऱ्याला बाजारात लोक वाकून नमस्कार करत. धाकट्याचं काम करणारा कापसाच्या वखारीत कारकून होता. त्याला भाजीवाली सडकं वांगं देऊन म्हणायची, "घे, भावाले नागवलं न तू." तो बिचारा तेही मुकाट्याने पिशवीत टाकायचा. बायकोचं काम एक शिंपी करायचा, कारण आमच्याकडे बाईने स्टेजवर उभं राहायचं म्हणजे गाव सोडायचीच तयारी हवी होती.

पुरुष समोर बसत. बायकांना सुतळी बांधून डाव्या अंगाला जागा दिलेली, तीही अर्धी खांबाच्या आड. तिथून स्टेज तिरपं दिसायचं, पण पडद्यामागची समोरची विंग मात्र सरळ दिसायची. बाकीच्या बायका कुरकुरायच्या. आत्या लवकर जाऊन नेमकी खांबाजवळच पोतं अंथरायची. कोणी विचारलंच तर म्हणायची, "समोरून नाटक दिसते व बाई. इथून मानसं दिसतात."

घरी आल्यावर चुलीपुढे तिची उलटतपासणी चालायची. "त्याले पाटील काऊन केलं? खुर्चीत बसाच्या आधी धूळ झटकते तो. पाटील कधी झटकते का?" वेड्याचं काम करणारा तिला आवडायचा, कारण तो वेड्यापेक्षा उपाशी जास्त दिसायचा. धाकट्यावर तर तिचा जीव होता. "थोरल्याले ढकलते तवा त्याचा पाय कुठं पडन ते आधी पाह्यते. असा कुठं दुष्ट असते?" थोरल्याचं नाव निघालं की ती तोंड वाकडं करायची. "बायको बोलून राह्यली, आन् हा लोकाइकडे पाहून राह्यला. धाकट्याच्या गळ्यात पडते, त् त्याच्या पाठीमागून पाह्यते, कोन कोन रडून राह्यलं." आम्ही हसायचो. आई म्हणायची, हिला कोणाचं चांगलं म्हणून बघवत नाही.

हल्ली माझ्या घरी रोज संध्याकाळी टीव्हीवर मालिका लागतात. सुना म्हणतात, हा नायक काय समजूतदार आहे. दुसरं कोणी बोलत असताना त्याची नजर कुठे असते, तेवढंच मी पाहते. पण टीव्हीपुढे सगळ्यांना समोरच बसावं लागतं. बाजूला बसलं तर नुसती काच चमकते.

मी लग्नाची झाले, त्या वर्षी चौथ्या भागात थोरला खूप दिवसांनी घरी परततो आणि बायकोच्या डोक्यावर ठेवायला मायेने हात उचलतो, असा प्रवेश होता. हात उचलला आणि शिंपी खांदा चोरून झटकन मागे सरकला. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. काय ते लाजणं, खऱ्या बाईलाही जमणार नाही, असं लोक पुढे कित्येक दिवस बोलत होते. आत्या त्या दिवशी हसली नाही. तिला विंग दिसत होती. त्या प्रवेशाच्या थोडं आधी शिंपी एक वाक्य विसरला होता. त्याबद्दल थोरल्याने विंगेत त्याचा हात पिरगाळला होता, कानफटात मारली होती, आणि मग चेहरा सारखा करून, डोळ्यांत पाणी आणून तो स्टेजवर आला होता. मी आत्याशेजारीच होते, पण खांबाच्या अलीकडे. मला फक्त टाळ्या ऐकू आल्या.

"लाजनं नाई ते," आत्या घरी म्हणाली. "भेला तो."

त्याच थंडीत बाबांनी माझं लग्न ठरवलं ते थोरल्याशी. बाबा तहसिलीत कारकून होते. लोकांचे खरेखोटे दाखले तपासण्यात त्यांची हयात गेलेली, पण नाटकाचा एक भाग त्यांनी कधी चुकवला नाही. आत्या स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, "दादा, पोरगी त्याले नोको देऊ. शिंप्याले मारलं त्यानं, मी पाह्यलं. द्याचीच असन त् धाकट्याले दे. तोही आपल्यातलाच हाये."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "धाकट्याले? भावाले देशोधडीले लावलं त्यानं, अन् त्याच्या घरी पोरगी देऊ? लोक तोंडात शेन घालतील माह्या."

हे आपण काय बोललो, ते त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नाही. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "आन् तुले घरात ठेवून घेतलं ते मत द्याले नाई." आत्या विधवा होऊन भावाच्या आश्रयाला आलेली. ती आत गेली आणि भाकरी थापू लागली. मला कोणी काही विचारलं नाही.

लग्नानंतर यांच्या नोकरीपायी आम्ही हिंगणघाटला बिऱ्हाड केलं. पहिल्याच आठवड्यात वरणात मीठ जास्त पडलं, आणि आत्याला खांबाजवळून काय दिसायचं ते मला कळलं. दाराबाहेर यांच्यासारखा गोड माणूस नव्हता. शेजारणी माझा हेवा करायच्या.

पहिल्या दिवाळीला आम्ही आर्वीला आलो. थोरले भाऊ आलेत म्हणून बाबांचे दोस्त ओट्यावर दाटीवाटीने बसले होते. पाडव्याला मी यांना ओवाळलं, वाकून उठले, आणि यांनी आशीर्वादासाठी हात उचलला. माझ्या हातातलं तबक कलंडलं. मी खांदा चोरून मागे सरकले होते. ओट्यावर कौतुकाचं हसू पसरलं.

"अजून लाजते," बाबा म्हणाले. त्या आवाजातला आनंद मी अजून माफ केलेला नाही.

आत्या पुरुषमाणसांत कधी यायची नाही. त्या दिवशी आली. सांडलेल्या अक्षता वेचायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "लाजली नाई ते. भेली."

आवाज जराही चढवला नाही, पण ऐकू सगळ्यांना गेलं. सगळ्यांत आधी सावरले ते हे. "आत्याबाईंना पहिल्यापासून धाकटाच प्यारा," असं हसत म्हणाले, आणि सुटल्यासारखे सगळे हसले. बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्याची रवानगी तळेगावला केली, तिच्या दिराकडे. नवरा गेल्यावर ज्या घराने तिला बाहेर काढलं होतं, तेच ते घर.

आम्हीही त्याच दिवशी परत निघालो होतो, म्हणून सगळे एकाच वेळी मोटार स्टँडवर पोचलो. यांनी पुढे होऊन तिचं गाठोडं टपावर चढवलं आणि भर गर्दीत वाकून तिच्या पायांना हात लावायला गेले. "याले म्हनते जावई," कोणीतरी म्हणालं. आत्याने पाय लुगड्यात ओढून घेतले. हे तिकिटं काढायला गेले, तेवढ्यात माझं मनगट धरून ती म्हणाली, "चाल माह्यासंगं. कापूस येचू दोघी. एवढं त् भेटते पोटाले."

तिचं स्वतःचंच तिथे कसं निभणार, ते तिला ठाऊक नव्हतं. तरी ती मला न्यायला निघाली होती. बाबा आमच्या मोटारीच्या दाराशी उभे होते आणि ते माझ्याकडे पाहत होते. मी हिंगणघाटच्या मोटारीत चढले.

तळेगावला आत्या काही वर्षं जगली, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचत. नाटक तिने पुन्हा पाहिलं नाही. वखारीतल्या कारकुनाला आर्वीत शेवटपर्यंत कोणी मुलगी दिली नाही. ज्या मुलखात त्याचं नाटक कोणी पाहिलं नव्हतं, तिथली बायको त्याला मिळाली, आणि त्यांचा संसार चांगला झाला असं ऐकते.

आत्या गेल्याचा निरोप हिंगणघाटला आला, तेव्हा हे ओट्यावर बसून इतके सुरेख रडले की मोहल्ल्यातल्या बायका आधी यांचीच समजूत घालू लागल्या. कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवरून हात फिरवला. चेहरा ओंजळीत होता, आणि बोटांच्या फटीतून यांची नजर फिरत होती, कोण कोण आलंय ते पाहत. मी बाजूला, दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. मला खुदकन हसू आलं. सगळ्यांच्या माना वळल्या.