कासूच्या बाकावर पाचर कोणी शिकवली?

भुतांचे आवाज काढून मी चुलतबहिणींना इतकं रडवलंय, की काकीने मला घरात यायला बंदी केलेली. आता माझा असल्या गोष्टींवर विश्वास किती, ते तुम्हीच ठरवा. तरी हे लिहितोय, कारण मित्रांना सांगितलं की हसतात... म्हणतात, पक्याचा नवा आयटम.

मी पेणचा, रामवाडीत राहतो. तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्याकडे सीनियरनी ज्युनियरना अवघड विषय शिकवायची पद्धत होती. माझ्या वाट्याला मेकॅनिक्स आणि दोन जण आले – रोह्याचा अर्शद, कासूची स्नेहा. परीक्षेआधीच्या सुट्टीत सगळ्यांना मधलं म्हणून कासू स्टेशनच्या बाकावर बसायचो. दुपारी तिथे गाडी नाय, माणूस नाय. मी सरांच्या आवाजात शिकवायचो. सर नाकातून 'फोर्स' म्हणतात तसं म्हटलं, की ते पोरांच्या डोक्यात बसायचं.

अर्शदचा हा विषय आधीच राहिलेला. या वेळी उडाला की वर्ष गेलं. अब्बांनी कुवेतहून सांगून ठेवलेलं – मग इकडे ये, हेल्पर म्हणून लाग. व्हिसाचंही बोलणं झालेलं. आणि गडी अडलेला घर्षणात: जड ठोकळ्याखाली पाचर ठोकायची, तर जोर किती लागेल? खरं सांगू? ते मलापण येत नव्हतं. मी तो प्रश्न ऑप्शनला टाकून पास झालेलो. पेपरच्या आदल्या दिवशी शिकवतो म्हणालेलो.

नेमका त्याच दिवशी तापाने आडवा झालो. फोन बंद पडलेला, मला शुद्ध नाय. संध्याकाळी उठून आधी अर्शदला फोन लावला आणि सॉरी म्हटलं.

"सॉरी कशाला, भाई? पाचर एकदम क्लियर झाली."

"मी आलोच नाय रे."

तो हसला. माझं कोण खरं मानणार? मी आईला फोन दिला. आई म्हणाली, हा दिवसभर अंथरुणात होता, बाळा. मी फोन परत घेतला.

मग अर्शद हळूच म्हणाला, "तरीच... आज तू एकाचीपण नक्कल नाय केलीस."

स्नेहा दर वेळी फोनवर रेकॉर्ड करायची. तिने ते पाठवलं. आवाज माझा. आईने ऐकलं आणि म्हणाली, तूच तर हायस. पण नक्कल हा माझा धंदा आहे हो. नक्कल करताना आपण समोरच्याची लकब जराशी जास्त वापरतो, त्याशिवाय ओळखू येत नाय. मी बोलताना मधेच 'व्हय की नाय' म्हणतो. हा जवळजवळ प्रत्येक वाक्याला म्हणत होता...

कोणीतरी माझी नक्कल करत होतं.

आणि शिकवत होतं झकास. "आधी ठोकळा सोडव, पाचर नंतर, व्हय की नाय? पाचर आत सरकते, म्हणून तिच्यावर घर्षण बाहेर. ठोकळ्यावर बरोब्बर उलट." मी अंगावर चादर घेऊन ऐकत होतो आणि मला ते पहिल्यांदा समजत होतं.

पण हे चुकीचं निघालं तर? पोरगा उद्या तेच लिहिणार. अर्शदचा पुन्हा फोन आला, "भाई, लिहू का तसंच?" पुस्तक काढलं, सोडवलेलं उदाहरण ताडून बघितलं. उत्तर जुळलं. मी म्हटलं, लिही.

पाचर पेपरात आली. अर्शद सुटला. कुवेतला गेला तो सुट्टीत, अब्बांना भेटायला.

त्या दोघांना विचारून थकलो. दोघं म्हणतात, तूच होतास, तुझा नेहमीचा शर्ट, गाडी आली तसा पेणकडे गेलास. तो शर्ट त्या दिवशी आमच्या दोरीवर वाळत होता. मला काहीच उलगडा झालेला नाय.

रेकॉर्डिंगच्या शेवटी स्नेहा विचारते, पट्ट्याच्या घर्षणाचं पण सांग ना. ते मला उत्तम येतं. त्यावर तो माझ्याच आवाजात म्हणतो,

"ते त्याला विचार. त्याला येतं."