सार आणि तुकडी

माझ्या मुलीच्या घशात बांगड्याचा काटा अडकला, त्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी आईला बोल लावला. मीही लावला. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि आई तिला नेहमीसारखी भरवत होती. माशाचे काटे वेचणं हे आमच्या घरात आईचंच काम. मला तिने भरवलं, माझ्या बहिणीला भरवलं, विक्रोळीच्या आमच्या चाळीतल्या निम्म्या पोरांना भरवलं, आणि कुणाच्या तोंडात कधी काटा गेला नाही. ती काटा डोळ्यांनी शोधायचीच नाही. शेजारणीशी बोलत असायची, आणि बोलता बोलता मासा दोन बोटांत कुस्करून काटे ताटाच्या कडेला लावत जायची.

डॉक्टरांनी चिमट्याने काटा काढला. घरी आल्यावर बायको म्हणाली, आईंचा चष्मा बदलायला हवा. मी आईवर खेकसलो, "लक्ष कुठे असतं तुझं?"

आई ओशाळली. बोटं एकमेकांवर घासत म्हणाली, "माका काटो लागलोच नाय रे."

बोटांना काटा जाणवलाच नाही, असं ती सांगत होती. मला ती सबब वाटली. आम्ही चष्मा बदलून आणला. मुलगी त्या दिवसापासून आजीच्या हातचा मासा खाईना. मम्मीच देईल, म्हणायची. त्यानंतर आईने नातीच्या ताटाकडे हात नेला नाही.

मला याची लाज जास्त वाटते, कारण माझं पोट बोटांवरच चालतं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मी मशीनवर कापलेले पार्ट तपासतो. मापाला गेज आहे, पण कडेला बारीकसा बर, म्हणजे कापताना उरलेला खरखरीत कंगोरा, राहिला असेल तर तो आधी बोटाला कळतो. बोट मेलं तर माझी नोकरी गेली, हे मी नव्या मुलांना सांगत असतो. आणि घरी आई मला तिची बोटं मेली म्हणून सांगत होती.

पुढच्या काही महिन्यांत चहाचा कप तिच्या हातून दोनदा निसटला. ब्लाउजचे हूक लागेनात. पायातली चप्पल वाटेत राहायची आणि ती तशीच चार पावलं पुढे जायची. जीभ जळते म्हणायची, तर आम्ही मसाल्यातली मिरची कमी केली. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे काहीतरी उत्तर होतं, आणि बहुतेक वेळा ते उत्तर वय हेच होतं.

गाळ्यात माल रवाना करणारा माझा सहकारी घाटकोपरचा, सात पिढ्या शाकाहारी. वीस वर्षं आम्ही एकत्र डबा खातो आणि वीस वर्षं मी त्याची टिंगल करतो. घासफूस खाऊन तू पेटी कशी उचलतोस रे, हा माझा ठरलेला विनोद. त्याच्या डब्यात थेपले, मुगाची उसळ आणि दही असायचं, आणि आठवड्यातून एकदा तो डब्यानंतर एक गोळी घ्यायचा. तिचीही टिंगल मी सोडली नव्हती. तो शांतपणे म्हणायचा, "बी-बारा व्हिटॅमिन भाजीपाल्यात नसतंच, यार. दुधादह्याचं मला पुरत नाही, म्हणून गोळी घेतो. त्यात काय?"

आईच्या हाताबद्दल त्याला सांगितलं तेव्हा त्याने पहिलाच प्रश्न केला, "बी-बारा बघितलंस का तिचं?"

मला खरंच हसू आलं. म्हटलं, "ते तुमचं दुखणं. आम्ही मालवणी माणसं. मासे नसले तर आमचं जेवण होत नाही."

"तरी बघून घे ना," तो म्हणाला.

मी बघितलं नाही. आईला डॉक्टरांकडे नेलं, पण तिथे भरायच्या कागदावर आहाराच्या दोन चौकटी होत्या, शाकाहारी आणि मांसाहारी. मी दुसऱ्या चौकटीत खूण केली, थोडी ठसठशीतच. आई शेजारीच बसली होती. तिला विचारावं असं मनातही आलं नाही. डॉक्टरांनी साखर तपासली, मानेचा फोटो काढायला लावला, व्यायाम दिले. त्यांना मी दोष देत नाही. मी लिहून दिलेलं त्यांनी वाचलं. यात आठ महिने गेले.

मग एका सकाळी तोंडावर पाणी मारायला तिने डोळे मिटले आणि न्हाणीघरात उभीच्या उभी पडली. हाड मोडलं नाही, पण उठवताना तिचे पाय जमिनीवर नीट टेकत नव्हते. आपण कुठे उभे आहोत हे त्या पायांना समजत नसल्यासारखे ते पडत होते. मी घाबरलो.

या वेळी दुसऱ्या डॉक्टर होत्या, आईपेक्षा वयाने थोड्या लहान. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि आईलाच विचारलं, "आजी, काल काय जेवलात?"

"भात नि सार."

"कसलं सार?"

"बांगड्याचा."

"तुकड्या किती खाल्ल्या?"

आईला तो प्रश्न गमतीचा वाटला असावा. ती हसली. "तुकडी खंय? तुकडे पोरांका."

मी मध्ये बोलायला गेलो तर डॉक्टरांनी हाताने थांबवलं. शेवटची तुकडी कधी खाल्ली, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "आठवणा नाय." अंडी? ती मुलांसाठी. दूध? चहात पडतं तेवढं. पित्ताची गोळी? ती मात्र कित्येक वर्षं, रोज सकाळी.

रक्ताचा रिपोर्ट आला. बी-बारा जवळजवळ नव्हतंच. डॉक्टर म्हणाल्या, ते कमी पडलं की नसा बधिर होतात; ते कमी का पडलं याचं एकच कारण काढता येणार नाही. वय आहे, बी-बारा अंगी लागू न देणाऱ्या पित्ताच्या गोळ्या आहेत, आणि ताट आहे. मी तेव्हाही म्हटलं, "पण मॅडम, आम्ही मांसाहारी आहोत."

"तुम्ही आहात," त्या म्हणाल्या. "या नाहीत."

त्यांनी पुढे सांगितलं ते मला माझ्या सहकाऱ्याकडून वीस वर्षं ऐकायला मिळत होतं. शाकाहाराने माणूस आजारी पडतो असं नाही. डाळी, कडधान्यं, दूधदही नीट घेतलं आणि कमी पडेल ते गोळीने भरून काढलं की तो धडधाकट राहतो. आईचा शाकाहार तसा नव्हता. तो कुणी ठरवून केला नव्हता, म्हणून त्याची काळजीही कुणी घेतली नव्हती.

त्याची सुरुवात मला आठवते. वडील कारखान्यात होते, चाळीत दोन खोल्या होत्या, आणि पातेल्यात बांगडे मोजकेच असायचे. मधली तुकडी वडिलांना, मग आम्हा दोघांना. आई सगळ्यांनंतर बसायची आणि पातेलं ताटात निपटून घ्यायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माका सारच बरा लागता." आम्ही त्यावर विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं सोयीचं होतं. पुढे मी कमावता झालो, पापलेट आणायला लागलो, पातेल्यात तुकड्या उरायला लागल्या. त्या उरलेल्या मी संध्याकाळी खायचो. पाहुण्यांना मी कौतुकाने सांगत असे की आमच्या आईला तुकडीपेक्षा सार प्रिय. रोज तिच्यासमोर बसून जेवणारा माणूस मी. दुसऱ्याच्या डब्यात काय आहे हे मला पाठ होतं आणि आईच्या ताटात काय नाही ते मला दिसलं नव्हतं.

इंजेक्शनं सुरू झाली. जिभेची आग आधी गेली. पाय हळूहळू सावरले, आता ती भिंत धरून का होईना एकटी चालते. बोटं मात्र अर्धीच परतली. एवढा उशीर झाल्यावर उरलेलं येईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. मला ते आठ महिने आठवले.

सहकाऱ्याला सांगितलं तेव्हा वाटलं, आज तो वीस वर्षांचं उट्टं काढेल. काढायला हवं होतं. तो डबा बंद करत एवढंच म्हणाला, "इंजेक्शन चुकवू नको तिचं." त्यानंतर घासफूस हा शब्द मी उच्चारलेला नाही.

आता आम्ही सगळे एकदम जेवायला बसतो. बायकोसुद्धा. तीही शेवटी बसायची, हेही मला त्या दवाखान्यातून बाहेर पडल्यावरच लक्षात आलं, आणि तिचंही रक्त तपासून घेतलं. रविवारी मधली तुकडी आईच्या ताटात असते. पण आईला आता काटे वेचता येत नाहीत. बोटांना ते लागतच नाहीत. म्हणून तिचा मासा मी कुस्करतो, दोन्ही डोळे रोखून, एकेक काटा उजेडात धरून. तिच्या मानाने मला फार वेळ लागतो.

गेल्या रविवारी मी सगळा मासा मोकळा करून तिच्या भाताच्या कडेला ठेवला. तिने विचारलं, "काटो नाय मां?"

"नाही. नीट बघितलंय."

"मगे चेडवाक दी," ती म्हणाली, आणि ताट नातीकडे सरकवलं.

मुलीने आजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग आजीचं ताट दोन्ही हातांनी परत ढकलत म्हणाली, "तू खा, आजी. मला सारच आवडतं."

आई खूश झाली. माझा घास हातातच राहिला. पातेल्यात अजून तीन तुकड्या होत्या. मी एक काढून मुलीच्या ताटात वाढली, तिचे काटे वेचून दिले, आणि दोघींचं खाऊन होईपर्यंत जागचा हललो नाही.