मागच्या डब्यातला माणूस

"आधी चहा, मंग देव," असं म्हणून आबा रुमालाच्या टोकाने कपाची कड पुसायचे आणि कप समोर ठेवायचे. चहा पोटात गेल्याशिवाय त्यांनी कुणालाही येशूचं नाव ऐकवलं नाही. दौंडला चर्चच्या मागे एक पत्र्याची खोली आहे. तिथे गुरुवारी संध्याकाळी ते ख्रिस्ती श्रद्धेची तोंडओळख करून देणारा वर्ग घ्यायचे. कुणीही यावं, काहीही विचारावं, पटलं नाही तर चहा पिऊन घरी जावं, एवढाच नियम.

आम्ही दोघं रेल्वेतले. ते मालगाडीचे गार्ड, मी बुकिंगला. रिटायर झाल्यावर त्यांनी मला वर्गाला बोलावलं. मी म्हणालो, "आबा, मी बुद्धाचा माणूस. मला कशाला बाटवता?"

"बाटवायला मी कोण? मी गार्ड हाय. गाडी वढणारा वढतो, मी मागच्या डब्यात बसतो. तुम्ही या, चहा चांगला असतोय."

चहा खरंच चांगला असायचा. मी जात राहिलो, बुद्धाचाच राहिलो, आणि आबांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. बोलणी मात्र ते दोन्हीकडून खायचे. बाहेरचे म्हणायचे, म्हातारा लोकांना बाटवतो. चर्चचा कारभार पाहणारे पंच म्हणायचे, एवढा वर्ग घेतो, एकाचा तरी बाप्तिस्मा झाला का? आबा दोघांनाही चहा विचारायचे.

धर्म सांगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याकडे उत्तर नाही असं कधी होत नाही. आबांना उत्तर येत नसलं की ते डोकं खाजवायचे आणि सरळ "म्हाईत न्हाई" म्हणायचे.

इनामगावकडून एक बाई एसटीने यायची. घोडच्या काठाला तिची वांगी-टोमॅटोची शेती. तिचा मुलगा कोरेगाव भीमाकडे कंपनीत होता. कामावरून येताना हायवेवर अपघातात गेला. बरेच गुरुवार ती अर्धा चहा तसाच ठेवून उठायची. एकदा भरला कप हातात धरून म्हणाली, "आबा, माझ्या पोरानं येशूचं नावबी ऐकलं न्हवतं. मंग त्यो आता कुठं हाय?"

आबांनी डोकं खाजवलं. "म्हाईत न्हाई, ताई. पन ज्याला मी वळखतो, त्यो तुमच्या पोराला दारात ताटकळत ठिवायचा न्हाई."

त्या दिवशी तिने चहा संपवला.

नेमका एक पंच तेव्हा मागे येऊन बसला होता. रविवारी उपासना सुटल्यावर पंचांनी आबांना थांबवून घेतलं. मी त्यांची वाट पाहत दाराशी उभा होतो, सगळं ऐकू येत होतं.

"विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही? येत्या गुरुवारी त्या बाईला सगळ्यांसमोर स्पष्ट सांगा. नाहीतर वर्ग सोडा."

"आईच्या तोंडावर तिचं लेकरू नरकात घालू?"

"शास्त्रात आहे ते सांगायचं."

"मंग तुम्हीच सांगा. माझ्यानं व्हायचं न्हाई."

झालं. जन्मभर त्या चर्चचे बाक पुसणाऱ्या माणसाला त्यांनी उभ्या उभ्या मोकळं केलं. आणि वर डोळे मिटून त्यांच्यासाठी प्रार्थनाही केली. त्या प्रार्थनेचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

वर्गाला पुण्याहून एक तरुण आणला. प्रोजेक्टर आला, खुर्च्या ओळीत लागल्या, चहा शेवटी गेला. आबा तरीही जायचे आणि मला ओढून न्यायचे. "शिकायला वय लागतंय व्हय?" असं म्हणायचे, खरी काळजी त्या बाईची. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. तरुणाने पडद्यावर बायबलमधलं वचन दाखवून झटक्यात उत्तर दिलं आणि "आणखी कुणाचा प्रश्न?" म्हणून दुसरीकडे बघितलं. बाईने पदर डोक्यावर घेतला आणि उठली. आबा लगबगीने स्टोव्हकडे गेले, पण चहाचं आधणसुद्धा ठेवलेलं नव्हतं. ती स्टँडच्या दिशेने निघून गेली. आबा रिकामा कप घेऊन दारात उभे राहिले.

माझ्या तोंडात शिव्या आल्या.

"नगा," आबा म्हणाले. "पोरगं हाय त्ये. त्याला तसंच शिकिवलंय."

त्याच वर्षी आबा गेले. पंच पुढच्या बाकांवर काळे कोट घालून बसले होते. आबा म्हणजे या मंडळीचा आधार, वगैरे बोलून झालं. पाळक म्हणाले, ते आता प्रभूच्या घरी पोहोचले आहेत. याची मात्र सगळ्यांना खात्री होती.

मी शेवटच्या बाकावर होतो. शेजारी ती इनामगावची बाई येऊन बसली. तिला कुणी कळवलं, कुणास ठाऊक. शवपेटीकडे बघत हळूच म्हणाली, "दादा, तिथं माझं पोरगं भेटलं आसंल का वो त्यांना?"

मी म्हणालो, "माहीत नाही, ताई."

त्यापुढचं वाक्य आबांचं होतं. पण ते ज्याला ओळखत होते, त्याला मी ओळखत नाही. आणि ओळखतो म्हणणारे सगळे आमच्याकडे पाठ करून बसले होते.