भिंतीवरच्या पाळ्या

आकुर्डीच्या आमच्या दोन खोल्यांत कमावणारे तिघे होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे चूल माझी एकटीची.

यांच्या कंपनीत दर सोमवारी पाळी बदले आणि हे ‘फर्स्ट’, ‘सेकंड’, ‘थर्ड’ एवढंच सांगत. धाकटे दीर दुसऱ्या कंपनीत. त्यांची पाळी पंधरा दिवसांनी बदले आणि ते घड्याळ सांगत, ‘सात-तीन’, ‘अकरा-सात’. मामंजी, म्हणजे सासरे, आमची जमीन ज्या कारखान्यात गेली त्याच्याच फाटकावर राखणीला होते. ते तिथीवर चालत. “पुनवेपातूर रातची हाय,” म्हणायचे आणि तंबाखू मळायला घ्यायचे. यांना सुट्टी गुरुवारी, दिरांना शनिवारी, मामंजींना नाहीच. एक जण झोपला की दुसरा जेवायला उठायचा. माझी झोप कुठल्याच पाळीत बसत नव्हती.

कुणाला विचारायचं म्हणजे मला संकोच. म्हणून वाण्याने दिलेल्या कॅलेंडरशेजारी मी भिंतीवर कोळशाने घरं आखली. तिथ्या तारखांना लावल्या, घड्याळाच्या वेळा फर्स्ट-सेकंडमध्ये बसवल्या. यांची रेघ, दिरांचा गोल, मामंजींची फुली. माझं चौथीपर्यंतचं शिक्षण तेवढ्याला पुरलं.

“वहिनी, हा आपल्या गेलेल्या जमिनीचा नकाशा का?” दीर म्हणाले. “असंल तर माझा वाटा विहिरीकडचा धरा.”

मी पीठ मळत राहिले.

माहेर माझं चाकणच्या पुढे. आईला दिसेनासं होत चाललं होतं. ‘दिसतंय तवर तोंड दाखवून जा,’ असा तिचा निरोप आला होता. पण रात्री घरात पुरुषमाणूस असताना चूल बंद ठेवून बाईने जायचं, हे आमच्यात नव्हतं. तिघेही कामावर असतील अशी एकच रात्र मला त्या महिन्यात सापडली, शुक्रवारची. हे थर्डला, मामंजींची पुनवेआधीची शेवटची रात्र फाटकावर, आणि दीर म्हणालेले, “शुक्रवारपासून अकरा-सात, शनिवारी सुट्टी.” डबे भरून ठेवायचे आणि निघायचं. कांद्याच्या गाडीवाल्याबरोबर आईला तसं कळवलंही.

गुरुवारी रात्री, सुट्टीमुळे हे झोपलेले, मी भांडी आवरत होते, तर दीर कपडे घालून समोर. “वहिनी, डबा?”

“पाळी उद्या ना?”

“उद्या कसली? शुक्रवारची म्हणजे आज रातचीच. काम सगळं बारानंतरच तर होतं. आमच्यात तसंच धरतात.”

यांच्या कंपनीत रात्रपाळी सुरू होई त्या वाराची धरत. एकाच रात्रीला दोघांचे दोन वार होते आणि मी ते एकाच घरात बसवले होते. म्हणजे उद्या रात्री दीर घरी. मी तव्यापाशी बसून राहिले.

“काय झालं गं?” मामंजी काठी शोधत होते.

“आईकडं जायचं होतं. कळवलंय तिला.” त्यांच्याशी एवढं मी कधी बोलले नव्हते.

“मग जा की. एक रात पाव खाईल त्यो.”

“तीन खाईन,” दीर म्हणाले. “पण आजच्या डब्याचं बघा आधी.”

महिनाभर मी घरं आखत होते आणि नुसतं सांगणंच पुरलं होतं. आनंद व्हायला हवा होता. पायच दुखत होते.

शुक्रवारी आई फाट्यावर येऊन उभी होती. घरी गेल्यावर म्हणाली, “बस, भाकरी टाकते.” मी भिंतीला टेकले, आणि जाग आली तेव्हा उजाडलं होतं. आई उशाशी बसली होती.

“उठवलं का नाहीस?”

“कशाला? कंदील धरून बघितलं की तुला. लई वाळलीस.”

तिला सांगायचं केवढं तरी होतं. गाडीची वेळ झाली होती.

घरी आल्यावर आधी तवा घासला. मग ओल्या फडक्याने दिरांच्या रात्रपाळीचे सगळे गोल पुसले आणि एकेक घर मागे काढले.